पुढचा पाय

"काका, तुमच्या उंदरांवर मॉर्फिनसुद्धा चालत नाही," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या.

त्या हसल्या नसत्या तर त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. उभी हयात नोकरीत गेलेल्या माणसाला ऐकून घ्यायचं वळण लागतंच. पण त्या हसल्या, आणि शेजारच्या टेबलाशी पाय पसरून बसलेल्या वकिलाने मान लांब करून त्याच्या कागदात डोकं घातलं. वकील म्हणजे त्याच्याच वर्गातला एक मुलगा. सूर्य कुठे उगवतो यावरही वाद घालायचा म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. कागदावर तीन खांब काढलेले होते. पहिला, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या उंदरांचा. दुसरा, ज्या नव्या औषधावर त्याचा प्रबंध होता ते टोचलेल्या उंदरांचा. तिसरा मॉर्फिनवाल्यांचा. उंदीर गरम पत्र्यावर सोडायचा आणि किती वेळाने तो पाय चाटायला लागतो ते मोजायचं. औषध लागू पडलं असेल तर उंदराला उशिरा कळतं आणि खांब उंच होतो. त्याचे तिन्ही खांब सारख्या उंचीचे आले होते, एका आईची तिळी पोरं भिंतीला पाठ लावून उभी करावीत तसे. "वा काका," वकील म्हणाला, "मिठाचं पाणी आणि मॉर्फिन एकच! दवाखान्यांना कळवायला पाहिजे, केवढा खर्च वाचेल." त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. या वयात औषधशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात येऊन बसायचं म्हणजे रोज थोडं हसं होणार, हे तो धरूनच चालला होता. पण हसू कोणत्या गोष्टीचं करून घ्यायचं याचीही काही हद्द असते.

कारखान्यात त्याला कोणी हसत नसे. तिथे तो गोळ्या तपासायच्या खोलीत होता. कोमट पाण्याच्या भांड्यात गोळी सोडायची, घड्याळ चालू करायचं, गोळीचा शेवटचा कण दिसेनासा झाला की अंगठ्याने बटण दाबायचं. शेवटचा कण कुठला आणि पाण्यातली धूळ कुठली हे सांगता यायला वर्षं जातात, आणि त्याची गेली होती. माल अडला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन त्याचं डोकं खायचे, "अहो, एकोणीस-वीस असायचंच," म्हणायचे. तो म्हणायचा, "मग मला कशाला ठेवलंय? वीस म्हणणारा पोपट ठेवा." पाठीमागे त्याला ब्रेक म्हणत. बायकोला हे नाव कळलं तेव्हा तिने ते उचललंच. तो घरी आला की आतून ओरडायची, "ब्रेक लागला वाटतं दारात!" त्या अंगठ्यावर त्याचा विश्वास होता. तोच अंगठा आता मॅडमच्या टेबलाच्या कडेवर होता आणि त्या त्याच्याकडे, चष्मा कपाळावर सरकवून, एखादं बिघडलेलं उपकरण बघावं तशा बघत होत्या.

"बटण कधी दाबता तुम्ही?"

"पाय उचलून चाटायला लागला की."

"कोणता पाय?"

"कोणता म्हणजे? पुढचा. आधी तोच उचलतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका! पुढचा मोजायचा नसतो. मागचा. मागचा चाटला किंवा उडी मारली, तरच वेदना. पुढचे पाय ते असेही चाटत असतात, तोंड पुसतात, मिश्या साफ करतात. तव्यावरही तेच करतात. ती सवय असते नुसती. हे पहिल्या सत्रात शिकवलंय मी."

शिकवलं होतं. त्याला तो तास आठवत होता, फळ्यावर काढलेला उंदीरही आठवत होता, आणि वहीत त्याने तसं उतरवूनही घेतलं असणार. पण खरोखरचा तवा समोर आल्यावर (त्या यंत्राला सगळे तवाच म्हणत), त्यावर काचेच्या नळकांड्यात सोडलेला जीव आधी थबकला, मग एक पुढचा पाय वर घेऊन त्याने तोंडाशी नेला, तेव्हा आणखी कशाची वाट बघायची हे त्याच्या अंगठ्याला कळलं नव्हतं. भाजल्यावर पाय उचलला, झालं. त्याच्यानंतर थांबायचं ते कशाला? बाकीच्यांनी शिकवलेलं लक्षात ठेवलं आणि थांबले. तो थांबला नाही. चूक एवढीच होती, आणि ती त्याने महिनोन्‌महिने, एकेका उंदरावर, नेमाने केली होती.

पण चुकीचं त्याला काही वाटलं नाही. त्याला लागला तो सवय हा शब्द. तोच शब्द, तसाच, खांदे किंचित उडवून, त्या दुखण्याच्या डॉक्टरने वापरला होता. बायको शेवटी ज्या हॉस्पिटलात होती तिथे कॅन्सरचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा आणि दुखण्याचा वेगळा होता; हा शेवटचा सकाळी यायचा, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि बायकोला विचारायचा, "काय, आज दुखणं दहापैकी किती?" आणि ती म्हणायची, "तीन असेल डॉक्टर. बरंय." कोणत्या आवाजात म्हणायची? फोनवरच्या. ती एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर लोक तिच्यावर ओरडायचे. साहेब जागेवर नाहीत म्हणून, लाइन तुटली म्हणून, घरी बायकोशी भांडण झालं म्हणून. आणि ती म्हणायची, "थांबा हं, जोडून देते." त्या आवाजाला ओरखडा म्हणून उठत नसे. लग्न नवीन असताना तो एकदा तिला घ्यायला कचेरीत गेला होता. ती बोर्डासमोर बसलेली, कानाला यंत्र, पलीकडचा माणूस काय बोलत होता ते दारापर्यंत ऐकू येत होतं, आया-बहिणी काढत होता. ती गोड आवाजात म्हणत होती, "हो सर, समजलं सर." आणि टेबलाखाली तिने एक चप्पल काढली होती, आणि त्या पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासत होता, आत वळत होता, सुटत होता, पुन्हा वळत होता, घोटा लाल होईपर्यंत. त्याने तेव्हा ते पाहिलं आणि कायमचं शिकून घेतलं. पुढे घरात त्याची आई तिला काही बोलली, की तो बायकोच्या तोंडाकडे बघतच नसे. तिथे काही सापडायचं नाही. तो खाली बघायचा. सगळा संसार त्याने तिच्या पायाच्या अंगठ्यावरून चालवला, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून दवाखान्यात चादरीखाली तो अंगठा हलायला लागला तेव्हा त्याने डॉक्टरला गाठलं. "ती तीन म्हणते, पण तीन नाहीये. तिचा पाय बघा." डॉक्टरने पाय बघितला. "तुम्ही करता काय?" त्याने सांगितलं. "गोळ्यांच्या कारखान्यात होय. मग तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे. पण औषध बनवणं वेगळं, देणं वेगळं. पेशंट काय सांगतो ते आम्ही धरतो. नातेवाइकांना काय दिसतं ते नाही. बोटांची हालचाल ही सवय असते हो. तुम्ही पाय नका बघत बसू. त्यांचा चेहरा बघा, किती शांत आहे." पुढे औषध वाढलं, मॉर्फिनही आलं. चेहरा आणखी शांत झाला. अंगठा चालूच राहिला.

"कोणी ठरवलं?" तो म्हणाला.

"काय कोणी ठरवलं?"

"पुढचा मोजायचा नाही हे."

मॅडम पुन्हा हसणार होत्या, पण त्याचं तोंड बघून थांबल्या. "सगळीकडे असंच करतात, काका. गेली कित्येक वर्षं. मागचा पाय धरला की मॉर्फिनचा फरक दिसतो, पुढचा धरला की दिसत नाही. म्हणून मागचा."

"म्हणजे औषधाचा फरक जिथे दिसेल तीच वेदना. बाकीची सवय. छान आहे. उंदरांना विचारून ठरवलं होतं का?"

वकिलाने हळूच शीळ घातली. मॅडमचा चेहरा बदलला. त्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील, आणि एरवी त्याला सांभाळून घेत असत, यातच त्याला अपमान वाटायचा. आता सांभाळणं संपलेलं दिसलं आणि त्याला बरंच वाटलं. "हे बघा," त्या म्हणाल्या. "परवानगीच्या समितीने मोजकेच उंदीर दिलेत. तुम्ही आधीचे वाया घालवले. आता एका फेरीपुरते उरलेत. उद्या दुपारी माझ्यासमोर करायचं. मी बाजूला बसून दुसऱ्या घड्याळावर मोजणार. दोघांचे आकडे जुळले तर प्रबंध पुढे जाईल. तुम्ही पुढचाच पाय धरून बसलात तर इथेच संपलं. मी सही करणार नाही आणि दुसरं कोणी तुम्हाला घेणार नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. त्याला एवढंच कळलं, की पदवी हवी असेल तर त्या डॉक्टरचं म्हणणं बरोबर होतं असं लिहून द्यायचं, तेही स्वतःच्या हाताने, उंदरांच्या तोंडून.

तो चालत निघाला. बस मिळाली असती, पण बसमध्ये लोक असतात. रस्त्यावरही होते, पण त्यांना ओलांडून जाता येतं. दुपार कलली होती आणि दुकानांच्या पायऱ्या अजून तापलेल्या होत्या. औषधाच्या दुकानात एक माणूस गुडघा धरून उभा होता आणि दुकानदार त्याला विचारत होता, "जास्त दुखतंय की साधं?" साधं! तो जवळजवळ थांबलाच. त्याला त्या दुकानदाराची गचांडी धरावीशी वाटली, आणि त्या माणसाचीही, कारण तो म्हणाला, "साधंच." सगळे साधंच म्हणतात. तुम्ही कसे आहात विचारलं की बरंय म्हणतात. ती गेल्यावर लोक यायचे, सोफ्याच्या कडेवर टेकायचे, विचारायचे, "आता कसं?" आणि त्याने बरंय म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत. मेहुणा म्हणाला, "काहीतरी छंद लावून घ्या." एका शेजाऱ्याने बागकामाचं पुस्तक आणून दिलं. त्याने या वर्गाला नाव घातलं तेव्हा सगळ्यांना ते बागकामापैकीच वाटलं. मुलाखतीत त्याला विचारलं, या वयात कशासाठी, तर तो म्हणाला, "वेळ जात नाही." समोरच्या तिघांनीही माना हलवल्या, त्यांना पटलं. खरं कारण सांगितलं असतं तर घेतलं नसतं. खरं कारण हे होतं, की त्याला त्या माणसासमोर एकदा बसायचं होतं. पायथ्याशी उभं राहून नाही, टेबलाच्या समोरच्या खुर्चीत, त्याच्या बरोबरीचा होऊन. त्याच्याच भाषेत, त्याच्याच तऱ्हेच्या आकड्यांनी त्याला दाखवायचं होतं, की अंगात एक असं दुखणं असतं जिथे तुझं औषध पोचत नाही, आणि ते चेहऱ्यावर येत नाही, ते टोकाला जातं. त्यासाठी तो नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून पाठांतर करत होता, आणि त्यासाठीच त्याने उंदरांवरचं हे काम मागून घेतलं होतं. आणि नवल हे, की ते त्याने केलंही होतं. तीन सारखे खांब. मॉर्फिनसुद्धा चालत नाही. पाहिजे होतं ते कागदावर आलं होतं, आणि ते बघून लोक हसले होते.

घरी येऊन त्याने दिवा लावला नाही. फोन वाजत होता. मुलगी रोज या वेळेला करायची. ती दुसऱ्या गावी असते, नवरा, नोकरी, घर, सगळं नीट. "बाबा, जेवलास?" असं तिने विचारलं, आणि मग कामाचं, हवेचं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या आईचा पाय आठवतो का तुला? शेवटी हलायचा तो?"

"बाबा, पुन्हा नको ना."

"आठवतो की नाही एवढंच सांग."

"आठवतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, ते आपोआप होतं. तिला काही त्रास झाला नाही. ती झोपेतच गेली, बाबा. माझ्यासमोर गेली. मी बघितलंय."

"तू तोंड बघत होतीस."

"मग काय बघणार माणूस?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. खाली आलेला आवाज अगदी आईचा होता, गुळगुळीत, कुठेही न अडकणारा. "तुला काय मिळतं यातून? मला आईची आठवण येते तेव्हा मला वाटतं, निदान सुटली बिचारी, त्रास न होता सुटली. तेवढं तरी राहू दे की माझ्याकडे. तू रोज फोनवर तेच काढून घेतोस."

त्याने फोन ठेवला. ठेवताना त्याला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. पोरीच्या बाबतीतही तो आता असा झाला होता. जो कोणी म्हणेल की तिला त्रास झाला नाही, तो पलीकडच्या बाजूचा. मुलगी पलीकडे, डॉक्टर पलीकडे, मॅडम पलीकडे, सांत्वनाला आलेलं सगळं गाव पलीकडे. अलीकडे तो आणि एक पाय. पलंगावर बायको झोपायची त्या बाजूला तो बसला आणि स्वतःच्या पायाकडे बघू लागला. अंगठा वळवून बघितला. सोडला. यात काय कळणार? वळवला की वळतो. तिच्या त्या शेवटच्या दिवसांत, ती बोलायची थांबल्यावर, तो पायथ्याशी स्टूल ओढून बसायचा आणि चादर वर करून पाय हातात घ्यायचा. टाच थंड आणि अंगठा गरम, असं काहीतरी चमत्कारिक होतं. तो काही बोलला की अंगठा वळायचा. घरच्या गोष्टी बोलायचा. नळ दुरुस्त केला. शेजारणीने तुझी कात्री परत आणून दिली. अंगठा वळायचा. "फार दुखतंय का गं?" वळायचा. नर्स आत आली की तो चादर खाली करायचा, चोरी पकडल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तो लवकर गेला. प्रयोगाच्या खोलीत वकील होता. तवा तापत लावून त्याने चहा मागवला होता. उंदीर भुशात एकमेकांच्या अंगावर झोपलेले होते, पांढरे, कानांच्या आत गुलाबी. खोलीला तो नेहमीचा वास होता, मुताचा आणि ओल्या दाण्याचा, जो घरी अंघोळ केल्यावरही बाहीत राहायचा. तवा तापला तसा त्याने हात पुढे केला. "काय करताय?" वकील म्हणाला. "हात ठेवून बघताय? बघा की. सगळ्यांनी बघितलाय. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण ठेवतो. त्यातून काय कळतं? आपल्याला भाजतं, एवढंच." त्याने हात मागे घेतला, आणि वकिलाचा राग आला, कारण तो खरं बोलला होता. "काका, एक सांगू?" वकील कप पुढे करत म्हणाला. "घ्या ना त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मोजून. पदवी खिशात घाला आणि मग काय भांडायचं ते भांडा. मी तरी तेच करतो."

"तू वाद घालतोस. भांडत नाहीस."

"फरक काय?"

"वाद घालणाऱ्याला हरलं तरी जेवण जातं," तो म्हणाला. वकील कप घेऊन बाहेर गेला.

मॅडम आल्या, दार लावलं, स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या. उंदरांना मदतनिसाने थोड्याच वेळापूर्वी टोचलं होतं. डब्यांवर रंगीत ठिपके होते, कोणत्या ठिपक्याला कोणतं औषध ते दोघांनाही माहीत नव्हतं, ते कपाटात बंद होतं. त्याने पहिला उंदीर शेपटीच्या मुळाशी धरून उचलला, दुसऱ्या हाताने खालून आधार दिला आणि तव्यावर सोडला. उंदीर थबकला. नाक वर केलं. पुढचा उजवा पाय उचलून तोंडात घेतला. त्याचं बटण टक्क वाजलं. मॅडमचं वाजलं नाही. उंदीर दोन्ही पुढचे पाय चाटत होता, भराभर, मग मागच्या पायांवर बसून चाटायला लागला, मग बराच वेळाने एक मागचा पाय झटकून वळला आणि तो तोंडाशी नेला. मग त्यांचं वाजलं. त्याने उंदीर उचलला. दुसरा उंदीर. त्याचं टक्क, बराच वेळ काही नाही, त्यांचं टक्क. तिसऱ्याने मागचा पाय उचललाच नाही. मर्यादेची घंटी होईपर्यंत तो आपले पुढचे पाय चाटत राहिला. घंटी झाली की उचलावाच लागतो, नाहीतर पाय भाजतात. उंदरांच्या बाबतीत तेवढा नियम आहे. "बघा," मॅडम म्हणाल्या, "याला औषध पूर्ण लागू आहे. काहीही दुखलेलं नाही." उंदीर त्याच्या तळहातावर होता. त्याचे पाय कढत लागत होते. तो तिथेही चाटतच होता.

"काका, तुमचं बटण."

"दाबलं मी."

"मला माहितेय दाबलं. ते सुरुवातीलाच दाबलं. मी कशासाठी बसलेय इथे? हट्टाला काही मर्यादा?"

"हे चाटतंय ते काय आहे मग? मिश्या साफ करतंय? तव्यावर बसून? मॅडम, तुमच्या घरात आग लागली तर तुम्ही केस विंचरणार का?"

"ओरडू नका. उंदीर बिचकतात."

"हो, त्यांची काळजी आहे." त्याने उंदीर डब्यात सोडला. हात थरथरत होता आणि तो थरथरताना त्यांनी पाहिला. मग त्याने सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. फोनचा बोर्ड, काढलेली चप्पल, लाल झालेला घोटा, दहापैकी तीन, चादर, पाय. सांगताना त्याचा आवाज मोठा होता आणि वाईट होता, भांडणातलाच होता. त्यात रडणं कुठे नव्हतं. कोणी दाराबाहेरून ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा माणूस उधारी मागतोय. "आणि तो म्हणाला सवय. तुम्हीही म्हणालात सवय. मॉर्फिन दिलं तरी थांबलं नाही म्हणून ती सवय. उलटं का नाही? मॉर्फिन दिलं तरी थांबलं नाही, इतकं ते होतं, असं का नाही?"

मॅडमनी ऐकून घेतलं. मधे त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, आणि याबद्दल तो मनात त्यांचा आभारी झाला. मग त्या सरळ म्हणाल्या, "असेलही. ते मला माहीत नाही. उंदराचंही कोणाला माहीत नाही, तेही खरं. पण मला एक सांगा काका. त्यांना शेवटपर्यंत दुखत होतं, असं तुम्हाला हवंय का?"

हे कोणी कधी विचारलं नव्हतं. हात उचलून काहीतरी फोडावं असं त्याला वाटलं, आणि खोलीत फोडण्यासारखं पुष्कळ होतं. हवंय का म्हणजे? कोणाला हवं असेल? ज्या बाईबरोबर एवढी वर्षं काढली तिला दुखावं असं कोणाला हवं असेल? तो तोंड उघडून तेच म्हणणार होता आणि शब्द येईनात. कारण दुपारची ती खोली त्याच्यासमोर होती, स्टूल, वर केलेली चादर. नळ दुरुस्त केला. अंगठा वळला. कात्री आली. वळला. तो वळणं दुखणं असेल तर ती तिथे होती. ऐकत होती, आणि तिचं दुखणं, जे तिने डॉक्टरला दिलं नाही, पोरीला दिलं नाही, ते तिने त्याच्या हातात दिलं होतं. आणि ती नुसती सवय असेल, आपोआप होणारं काही असेल, मुलगी म्हणते तशी ती आधीच सुटली असेल, तर मग ते सगळे दिवस त्या खोलीत तो एकटाच होता. एका पायाशी बोलत. नळाबद्दल.

"हो," तो म्हणाला.

मॅडमनी त्याच्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं. "मग घड्याळ तुमच्या हातात नको."

"नको," तो म्हणाला, आणि ते टेबलावर ठेवलं. कारखान्यात त्याने दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. ज्याचा माल अडलाय त्याने गोळी तपासू नये. कोण बरोबर आणि कोण चूक, हा प्रश्न तिथे येतच नाही. त्याचा अंगठा मोकळा झाला आणि त्याचं काय करावं ते त्याला कळेना.

"मी मोजते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोडा आणि उचला. आकडे माझे, म्हणून तसं लिहावं लागेल प्रबंधात. परीक्षक विचारतील, तेव्हा सांगा हात कापतो म्हणून. पास व्हाल."

त्याला पास व्हायचं नव्हतं आणि उठूनही जायचं नव्हतं. तो सोडू लागला आणि उचलू लागला. उंदराकडे आता त्याला बघवेना. बघितलं तर मोजणार, आणि मोजायचा हक्क गेला होता. चेहऱ्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. मॅडमचा चेहरा कामाला बसलेल्या माणसाचा असतो तसा होता, कोरा. म्हणून तो त्यांच्या हाताकडे बघत राहिला. हात काचेच्या पलीकडे, घड्याळावर, जराही न हलणारा. नळकांड्यात नखं वाजली, उंदीर थबकला. आणि त्यांचा अंगठा हलला.

दाबला नाही. नुसता बटणावर आला, जरासा वाकला आणि थांबला, पाण्यात पाय घालता घालता कोणी मागे घ्यावा तसा. त्याने झटकन उंदराकडे पाहिलं. पुढचा पाय तोंडात होता. त्यानंतरच्या उंदराच्या वेळी त्याने आधीच त्यांच्या अंगठ्यावर नजर धरली आणि ती तिथून हलवली नाही. पुन्हा आला, वाकला, थांबला. त्याच्या नंतरच्यालाही. लाल ठिपका असो, निळा असो, उंदराने पाय उचलला की तो अंगठा आपोआप उठायचा, आणि मग इतक्या वर्षांच्या शिस्तीने तिथेच धरला जायचा, मागचा पाय उठेपर्यंत. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्यांना ते माहीत नव्हतं. इतके उंदीर, इतके विद्यार्थी, इतके प्रबंध झाले आणि त्यांना ते कधी कळलं नव्हतं, आणि आत्ताही त्या आकडा लिहून शांतपणे म्हणत होत्या, "चला, घ्या दुसरा."

त्याच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोललं की झालं असतं. ज्या खुर्चीसाठी तो आला होता ती हीच. पण सांगितलं असतं तर पुढच्या वेळेपासून त्यांनी अंगठा आवरला असता. तो काही बोलला नाही. डब्यात हात घातला, झोपेतून उठलेला गरम उंदीर बाहेर काढला, हलक्या हाताने तव्यावर सोडला, आणि त्यांच्या हाताकडे बघत बसला.